एल्विस, निक्सन आणि साहेबांचे पीए : एका विनोदी सिनेमाबद्दल (आणि बऱ्याच अवांतराबद्दल)

तिकटीवरचा

मंडळी, 'एल्विस अँड निक्सन' कुणी पाहिलाय का? २०१६ चा सिनेमा, दिग्दर्शक लिझा जॉन्सन. दीड तासाच्या आत आटपतो. आमच्या मंगळवार पेठेतल्या टोळक्यात परवा लावला होता. संपल्यावर जी वादावादी झाली ती तिथं काही मिटली नाही, म्हणून हा धागा.

न पाहिलेल्यांसाठी गोष्ट सांगतो, आणि गोष्ट खरी आहे. डिसेंबर १९७०. अमेरिकेचा रॉक अँड रोल गायक एल्विस प्रेस्ली तेव्हा पस्तिशीचा. नाताळच्या भेटींसाठी बंदुका आणि मर्सिडीज गाड्या घेण्यात त्यानं वारेमाप पैसा उडवला. त्यावरून वडील आणि बायको बोलले, तर हा रुसून घरातनं निघाला आणि एकटाच विमानात बसला. आधी वॉशिंग्टन, तिथनं लॉस एंजेलिस, मग जेरी शिलिंग या मित्राला बरोबर घेऊन रात्रीच्या विमानानं पुन्हा वॉशिंग्टन. त्या विमानात अमेरिकन एअरलाइन्सच्या कागदांवर त्यानं राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सनना स्वहस्ते पत्र लिहिलं. आशय असा : अमली पदार्थांचा मी सखोल अभ्यास केलाय, कम्युनिस्ट लोक डोकी कशी फिरवतात त्याचाही केलाय. ही हिप्पी पोरं मला शत्रू मानत नाहीत. मला देशाची सेवा करायची आहे. पद नको, हुद्दा नको, फक्त सरकारी एजंटाचं ओळखपत्र, म्हणजे बिल्ला, द्या. खाली हॉटेलचं नाव, खोल्यांचे नंबर आणि 'जॉन बरोज' या टोपणनावानं उतरलोय अशी सूचना.

२१ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास गाडी व्हाइट हाउसच्या फाटकावर. पत्र पहारेकऱ्याच्या हातात. आणि दुपारी साडेबारा वाजता पठ्ठ्या ओव्हल ऑफिसात निक्सनसमोर उभा! आपल्याकडं तलाठी भेटायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता वाद. माझं म्हणणं असं की हा सिनेमा एल्विसचा नाही आणि निक्सनचाही नाही. हा पीएंचा सिनेमा आहे. एगिल क्रोग (कॉलिन हँक्स) आणि ड्वाइट चेपिन (इव्हान पीटर्स) ही व्हाइट हाउसची दोन पोरं सकाळपासून दुपारपर्यंत जी धावपळ करतात, सगळा विनोद तिथं आहे. बाकीच्या टोळक्याला हे पटलं नाही. बोला.

पेठेचा_पैलवान

भावा, त्या टोळक्यात मी बी हुतो. नाव न घेता माझीच काढायलास व्हय? मग हितं बी सांगतो. एल्विसच्या पिच्चरमध्ये एल्विसचं एक बी गाणं न्हाई म्हंजे कटाबिगर मिसळ. आणि तो एल्विस झालेला मायकेल शॅनन! तोंड असं की आत्ताच कुणाचा तरी निकाल लावून आलाय. एल्विसला बघून पोरी चक्कर येऊन पडायच्या, ह्याला बघून पळत सुटतील.

खाष्ट_सासू

पैलवान, +१. मी शम्मी कपूरवर वाढलेली बाई. एल्विस कसा हलायचा हे मला एल्विसच्या आधी शम्मीनं शिकवलं. हा शॅनन हलतच नाही हो.

मध्यलय

दोघांशीही असहमत. शॅनन नक्कल करत नाही हीच तर त्याची कमाई. नक्कल करणारे एल्विस सिनेमात आहेत की. विमानतळावर एल्विसची सोंगं घेऊन पोट भरणारे भेटतात आणि त्यांना हाही आपल्यातलाच एक वाटतो. दिग्दर्शिकेनं तिथं सरळ सांगून टाकलंय की केस, कल्ले आणि पट्टा पाहिजे असेल तर ती माणसं ही घ्या. माझ्याकडं दुसरा माणूस आहे.

गाण्याचंही तसंच. एक गाणं वाजलं असतं तर आपण लगेच चाहते होऊन टाळ्या पिटल्या असत्या. गाणं नाही म्हणून मग समोर उरतो तो कोण? जांभळ्या मखमली कपड्यातला, सोन्याच्या भल्यामोठ्या बक्कलाचा, घरातल्या टीव्हीवर गोळी झाडणारा आणि जन्मतःच गेलेल्या जुळ्या भावाची आठवण काढणारा एक माणूस. हा माणूस हलत नाही कारण त्याला हलवायला समोर प्रेक्षकच नाहीत. मला शॅनन फार आवडला.

हापूस

तिकटीवरचा, धागा मस्त. मी कॅलिफोर्नियात, माहेर राजारामपुरी. यॉर्बा लिंडाला निक्सनचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. एल्विसनं भेट म्हणून नेलेलं कोल्ट .४५ पिस्तूल तिथंच आहे. हो, राष्ट्राध्यक्षाला भेटायला जाताना त्यानं पिस्तूल नेलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या स्मरणार्थ काढलेलं, लाकडी पेटीतलं. सुरक्षारक्षकांनी अर्थातच ते दारातच काढून घेतलं. निक्सननं ३१ डिसेंबरला त्याबद्दल आभाराचं पत्रही धाडलं.

आणि फोटो विसरू नका! व्हाइट हाउसचे छायाचित्रकार ऑली ॲटकिन्स यांनी काढलेला तो हस्तांदोलनाचा फोटो. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडं लोक सर्वांत जास्त प्रती मागतात त्या या फोटोच्या. निक्सन कसनुसा हसतोय, एल्विस कॅमेऱ्याकडं रोखून बघतोय, मागं झेंड्यांची रांग.

एक गंमत सांगते. निक्सनला ज्या गुप्त ध्वनिमुद्रणाच्या टेपांनी पुढं बुडवलं ती यंत्रणा त्याच्या कचेरीत बसली फेब्रुवारी १९७१ मध्ये. म्हणजे ही भेट दोन महिन्यांनी हुकली! आत काय बोलणं झालं हे आपल्याला कळतं ते क्रोगच्या टिपणातून आणि हजर असलेल्यांच्या आठवणींतून. पटकथा लिहिणाऱ्यांना मोकळं रान मिळालं ते त्यामुळं.

भुईनळा

मला एक सांगा. गाड्या आहेत, बंगला आहे, विमानात बसला तर सगळं विमान माना वळवतं. अशा माणसाला बिल्ला कशाला पाहिजे?

नाना_शिक्केवाले

भुईनळा, तुमचं वय कमी दिसतंय. मी एके काळी विशेष कार्यकारी अधिकारी होतो. पगार शून्य, कचेरी नाही, गाडी नाही. साहेबांच्या शिफारशीनं मिळालेलं एक ओळखपत्र आणि एक रबरी शिक्का. पण जून महिना आला की आमच्या दारात पोरांची रांग. मार्कलिस्टच्या झेरॉक्सवर 'सत्यप्रत' म्हणून सही ठोकायची. ज्या शेजाऱ्यानं कधी राम राम केला नाही तो पोराला घेऊन "नाना, आहात का?" करत यायचा. पुढं स्वयंसाक्षांकन आलं आणि रांग संपली. शिक्का अजून कपाटात आहे, शाई वाळली.

एल्विसची कळ मला कळते. लोक त्याला ओवाळत होते, पण सरकारनं त्याला कधी विचारलं नव्हतं.

भुईनळा

नाना, दंडवत.

पेठेचा_पैलवान

नाना, शिक्क्याचं सोडा, गल्लीत बघा की. दुचाकीवर 'पोलीस', चारचाकीवर 'महाराष्ट्र शासन', आणि मालक कोण तर साहेबांच्या ड्रायव्हरचा मेव्हणा. आमच्या तालमीत एकानं 'प्रेस' लिवलंय. इस्त्रीचं दुकान हाय त्याचं.

तिकटीवरचा

पैलवान, हे लई भारी :))

नानांच्या मुद्द्याला जोड देतो. एल्विसची बायको प्रिसिला हिनं आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय की हा बिल्ला म्हणजे सर्वोच्च सत्ता असं एल्विसला वाटायचं. तो खिशात असला की बंदुका आणि हव्या त्या गोळ्या घेऊन कुठल्याही देशात कायदेशीर शिरता येईल! अमली पदार्थांविरुद्ध लढायला निघालेला माणूस स्वतः डॉक्टरी चिठ्ठीच्या गोळ्यांवर जगत होता आणि १९७७ च्या ऑगस्टमध्ये बेचाळिसाव्या वर्षी गेला. सिनेमा हे ओरडून सांगत नाही. तुम्हाला माहीत असेल तर मधेच टोचतं, नसेल तर हसत पुढं जाता.

आणि बिल्ला मिळाला कसा ते ऐका. त्याच दिवशी एल्विस अमली पदार्थ खात्याच्या उपसंचालकाला, जॉन फिनलेटरला, भेटला होता. त्यानं नियमावर बोट ठेवून सरळ नाही म्हटलं. दुपारी ओव्हल ऑफिसात एल्विसनं निक्सनला विचारलं. निक्सननं क्रोगला विचारलं, देता येईल का? क्रोग म्हणाला, तुमची इच्छा असेल तर येईल. की तोच फिनलेटर स्वतः बिल्ला घेऊन हजर! आता सांगा, ही गोष्ट वॉशिंग्टनची आहे का आपल्या जिल्हा परिषदेची?

ढोलकीची_थाप

उशिरा आलो, पण तिकटीवरच्याच्या बाजूनं चार ओळी. चारापेक्षा जास्त होतील.

तुम्ही ज्याला पीएंचा सिनेमा म्हणताय त्याला आपल्याकडं वग म्हणतात. सांगाडा बघा. राजा, प्रधान, शिपाई आणि बाहेरून आलेला कलावंत. राजाला करमत नाही, कलावंताला काहीतरी मागायचंय, आणि दोघांच्या मधे प्रधान-शिपाई. तमाशात राजा क्वचितच सगळ्यात विनोदी असतो. तो सिंहासनावर बसून "कोण आहे रे तिकडं?" म्हणतो, हशा मिळवतो तो "जी महाराज" म्हणणारा. कारण त्याला दोन्हीकडचं माहीत असतं. राजाला खरं सांगता येत नाही आणि आलेल्या माणसाला हाकलता येत नाही.

या सिनेमात क्रोग तो शिपाई. भेटीआधी एल्विसला काय बजावलं जातं ते आठवा. टेबलावरच्या चॉकलेटच्या गोळ्या राष्ट्राध्यक्षांच्या, त्यांना हात लावायचा नाही. ती डॉक्टर पेपरची बाटली त्यांची, ती उचलायची नाही. एल्विस आत जातो आणि पहिलं काय करतो? नेमकं तेच. निक्सन बघत राहतो. केव्हिन स्पेसीच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते शंभर संवादांत येणार नाही. आयुष्यभर धडपडून मिळवलेल्या खुर्चीत बसून तो पाहतोय की समोरचा माणूस काहीच न मिळवता, नुसता आत येऊन, मालकासारखा बसला.

हा शुद्ध वगाचा प्रसंग आहे. शाहीर दरबारात आला आणि राजाच्या पानाच्या तबकाला हात घातला. पुढं काय होतं? शिरच्छेद होत नाही. राजाच शाहिराला विचारतो, विडा कसा लागला? भेट संपेपर्यंत एल्विस निक्सनला मिठी मारतो. ही मिठी खरी आहे बरं का, क्रोगनं नोंदवलेली.

जुना_बुधवार

तमाशा झाला, आता दरबार. कोल्हापुरात बसून या विषयावर बोलायचं आणि शाहू महाराजांचं नाव निघायचं नाही म्हणजे काय?

आपल्याकडं गायक आणि सत्ताधीश यांच्या भेटीला शंभर वर्षांचा इतिहास आहे. अल्लादियाँ खाँसाहेब महाराजांच्या दरबारात होते. गायक-नट केशवराव भोसले इथलेच. त्यांनी १९०८ मध्ये हुबळीला ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली. महाराजांनी खासबागेशेजारी पॅलेस थिएटर बांधलं, १९१५ मध्ये ते उभं राहिलं, आणि पुढं त्याला केशवरावांचंच नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेकडं गर्दीत उभे असलेले इथं बरेच जण असतील, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही.

पण मला सांगायचं आहे ते नारायण राजहंसांबद्दल. पोरगा गुणी, गळा दैवी, पण कानाचं दुखणं. महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात उपचारासाठी पाठवलं. किर्लोस्कर नाटक मंडळी तेव्हा मिरजेत होती, तिथं तो त्यांच्या कानावर पडला आणि १९०५ मध्ये कंपनीत गेला. तो बालगंधर्व. राजानं काय दिलं? बिल्ला नाही, पदवी नाही. कान बरा करून दिला. गायकाला याहून नेमकं काय देणार?

मध्यलय

जुना_बुधवार, क्या बात है.

तिकटीवरचा

जुना_बुधवार, प्रतिसाद जपून ठेवला. पण एक फरक आहे, आणि विनोद त्या फरकातच आहे. आपल्या गोष्टीत राजाकडं आहे आणि कलावंताला पाहिजे. १९७० च्या वॉशिंग्टनमध्ये उलटं झालं होतं. लोक होते एल्विसकडं, पाहिजे होते निक्सनला. व्हिएतनाम चालू, कॉलेजची पोरं रस्त्यावर, तरुण मतदार हातातून गेलेला. चेपिननं वर पाठवलेल्या टिपणात हेच लिहिलंय : राष्ट्राध्यक्षांना सरकारबाहेरच्या हुशार तरुणांना भेटायचं असेल तर सुरुवात प्रेस्लीपासून करावी. त्या वाक्याच्या शेजारी समासात निक्सनच्या कचेरीचे मुख्य अधिकारी हाल्डमन साहेबांनी शेरा मारला, "थट्टा करताय काय?" आणि खाली मंजुरी दिली! तो कागद आजही आहे.

सिनेमात तर निक्सन आधी भेटायला तयारच नसतो. तो वळतो ते मुलीला एल्विसची सही पाहिजे म्हणून. देशाचं धोरण एकीकडं आणि पोरीचा हट्ट एकीकडं. हे मात्र कुठल्याही साहेबाच्या बंगल्यावर पाहायला मिळतं.

आणि पीएंबद्दल शेवटची काडी टाकतो. क्रोग, चेपिन, हाल्डमन हे तिघेही पुढं वॉटरगेटच्या, म्हणजे निक्सनची खुर्ची घालवणाऱ्या प्रकरणाच्या, काळातल्या भानगडींत तुरुंगात जाऊन आले. एल्विसला आत घेण्यावरून घामाघूम झालेली ही पोरं काही वर्षांनी कोर्टात उभी होती. साहेबांचा शब्द झेलायची सवय आधी बिल्ल्यापुरती असते.

खाष्ट_सासू

मला वेगळंच सुचतंय. २७ जानेवारी १९६३, दिल्ली. लताबाई गायल्या आणि नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं. गायिका आणि पंतप्रधान म्हटलं की आपल्याला हाच एक प्रसंग आठवतो. माझ्या आईनं तो मला इतक्या वेळा सांगितलाय की जणू ती तिथं पहिल्या रांगेत होती. ती तेव्हा गडहिंग्लजला होती.

आपल्याकडं कलाकार आणि नेता भेटले की कुणीतरी रडलंच पाहिजे किंवा पाया पडलंच पाहिजे. हसायचं कुणी?

ढोलकीची_थाप

सासूबाई, हसणारे होते, पण ते तंबूत होते. प्रेक्षागृहात शिरल्यावर आपण गंभीर झालो. राजाची टिंगल चाले कारण राजा गोष्टीतला असे, आणि पुढं बसलेल्या पाटलाला कळत असे की हे आपल्याबद्दल आहे. पाटीलही हसे, कारण हसला नाही तर सगळ्या गावाला कळलं असतं की त्याला लागलं. निक्सन काही गोष्टीतला राजा नाही. आपल्याकडं खऱ्या नावाच्या नेत्यावर असा सिनेमा काढा, पहिल्या दिवशी थिएटरच्या काचा मोजाव्या लागतील.

फीडबॅक

मी साउंडवाला. गणपतीत, जत्रेत, वाढदिवसाला आमच्या भिंती लागतात. विनोदी सिनेमा तुम्ही कशाला काढताय, आमच्या स्टेजमागं येऊन बसा.

एका गावात ऑर्केस्ट्रा होता. गायिका चांगली, संथ गाणं धरलेलं, लोक शांत झालेले. अंतऱ्याच्या मध्यात खालून खूण, साहेब आले. गाणं बंद. फटाके. फेटा, शाल, नारळ, तलवार. मग निवेदकानं गायिकेला बोलावलं, साहेबांच्या हस्ते सत्कार. साहेबांनी कानात विचारलं, आवाज किती खोल आहे तुमचा, कुठं शिकला? माइक माझ्याकडं चालू होता त्यामुळं ऐकू आलं. ती म्हणाली, "साहेब, तुमच्याच शाळेत." त्यावर साहेब एकदम म्हणाले, "आमच्या शाळेत गाण्याचा मास्तर कधी होता?" सगळी जत्रा हसली. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की त्यापुढं मी नेता माइकजवळ आला की फेडर आधी खाली घेतो.

हापूस

फीडबॅक, हे वाचून ऑफिसात एकटीच हसतेय, लोक बघतायत :D

सिनेमातला मला सगळ्यात गमतीचा वाटलेला मुद्दा गुप्ततेचा. एल्विसनंच ही भेट गुप्त ठेवा म्हटलं होतं. आणि ती राहिली! जानेवारी १९७२ मध्ये जॅक अँडरसन या स्तंभलेखकानं छापेपर्यंत बाहेर फार कुणाला पत्ता नव्हता. एवढा मोठा तारा, एवढा मोठा नेता, वर्षभर चिडीचूप.

पेठेचा_पैलवान

हितं साहेबांच्या बंगल्याची पायरी उतरायच्या आधी स्टेटसला फोटो. संध्याकाळी चौकात फ्लेक्स. 'साहेबांशी सखोल चर्चा करताना'. चर्चा काय, तर लाइटचा खांब.

भुईनळा

तो केव्हिन स्पेसी बघवत नाही आता. त्याच्यावर काय काय आरोप झाले होते, तरी त्याचं कौतुक चाललंय इथं.

हापूस

आरोप २०१७ मधले, सिनेमा त्याआधीचा. २०२३ मध्ये लंडनच्या कोर्टात तो निर्दोष सुटला. तरी ज्याला बघवत नाही त्याला बघवत नाही, ते समजू शकते. पण अभिनय म्हणून विचाराल तर त्यानं निक्सनची पाठ पकडलीय. तो खांदे वर घेऊन चालतो तेव्हा वाटतं, या माणसाला लहानपणी कुणी खेळायला घेतलं नसणार.

संपादक

स्पेसीवरची चर्चा पुढं न्यायची असल्यास वेगळा धागा काढावा. इथं एल्विस, निक्सन आणि तलाठी एवढेच विषय चालू द्यावेत.

ढोलकीची_थाप

संपादकांनी तलाठी चालू ठेवले म्हणून हिंमत करतो. रात्री झोप येईना, एक बतावणी लिहिली. कोल्हापूरची आवृत्ती.

*(सरकारी विश्रामगृह. सकाळचे साडेसहा. शिपाई अंगण झाडतोय. गायक येतो. जांभळा मखमली कोट, कमरेला हा एवढा पट्टा, डोळ्याला गॉगल, बगलेत लांब पेटी.)*

शिपाई : बँडवाले मागच्या दारानं.

गायक : अरे, मी गायक आहे. अख्खा महाराष्ट्र माझ्या तालावर नाचतो.

शिपाई : मग तेच म्हणालो की. पुढं तुम्ही, मागं वरात.

गायक : हे पत्र साहेबांना दे. रात्रभर एसटीत बसून लिहिलंय.

शिपाई : *(वाचत)* 'अक्षर हललेले आहे, पेठनाका ते कोल्हापूर रस्त्याची पाहणी व्हावी.' हे पत्र हाय का तक्रार अर्ज?

*(पीए येतो. दाढीला अर्धा फेस.)*

पीए : काम काय?

गायक : व्यसनमुक्ती.

पीए : कुणाची?

गायक : महाराष्ट्रातल्या तरुणांची.

शिपाई : *(जवळ जाऊन हुंगत)* सुरुवात कुठनं करायची, मालक?

पीए : मोबदला काय घेणार?

गायक : एक पैसा नको. पद नको. फक्त एक बिल्ला.

पीए : कसला?

गायक : कसलाबी. सिंह पाहिजेत वर.

पीए : बरं. आत गेल्यावर साहेबांच्या पुढ्यातल्या काजूला हात लावायचा नाही. बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही. 'मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होता' हे तर चुकूनही म्हणायचं नाही.

गायक : मग बोलायचं काय?

पीए : म्हणायचं, 'सगळं आपल्यामुळंच.'

गायक : काय आपल्यामुळंच?

पीए : ते साहेब ठरवतील.

शिपाई : आणि ह्या पेटीत काय हाय?

गायक : तलवार. साहेबांना भेट.

*(पीए आणि शिपाई दोघं एकदम आडवे होतात.)*

खाष्ट_सासू

'ते साहेब ठरवतील' __/\__

पेठेचा_पैलवान

शिपायाचं काम मी करणार. आत्ताच सांगून ठेवतो, नंतर भांडणं नकोत.

मध्यलय

पुढचा प्रवेश माझा. गायक आत जातो, साहेब त्याला म्हणतात, "अहो, हे काय कपडे घातलेत?" आणि तो म्हणतो, "साहेब, तुमचा खेळ तुमचा, माझा खेळ माझा." हे मी रचलेलं नाही, एल्विसनं निक्सनला असंच काहीसं उत्तर दिल्याचं क्रोगनं सांगितलंय. याच्यापुढं आपण काय लिहिणार?

नाना_शिक्केवाले

ढोलकीची_थाप, बतावणी छान, पण पद्धतीत एक दुरुस्ती सुचवतो. तलवारीला कुणी आडवं होत नाही, तलवारी रोज येतात. ती पीएकडं जमा होते, फोटोपुरती गायकाच्या हातात परत मिळते, फोटो झाला की साहेब ती न बघता मागं देतात. मागं कोण उभं आहे त्यावर ती कुणाच्या घरी जाणार ते ठरतं. आमच्या वेळी त्या जागेसाठी ढकलाढकली व्हायची. दुसरा अंक तिथनं सुरू करा.